पगडीचं दुसरं टोक

मी नांदेडचा. काय सांगू तुम्हाला ताई, माणसं पगडी बघतात नि विचारतात, सरदारजी, पंजाबात कुठले? मी म्हणतो, गोदावरीच्या काठचे, तर ते हसतात, त्यांना वाटतं हा जोक मारायलाय. आजोबाच्या आधीपासून आमची माणसं नांदेडलाच, गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत. पंजाब मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मिशा पिकायला लागल्या होत्या, आणि तिथल्या रिक्षावाल्यानं माझी पंजाबी ऐकून विचारलं, मद्रासी आहात का? आमच्या घरात पंजाबी पाठापुरती, भांडण मराठीत, आणि दुकानात दखनी.

दुकान मामाचं, इथं निजामाच्या शहरात, सुलतान बाजारच्या गल्लीत, मोटार वाइंडिंगचं. जळालेल्या पंख्यांची, मिक्सरची तार काढायची, नवी भरायची. मिसरूड फुटायच्या आधी मामानं मला नांदेडहून आणून तिथं बसवलं. पहिला पंखा मी भरला तो शेजारच्या साडीवाल्याचा, आणि तो उलटा फिरायला लागला. साडीवाला वर बघत म्हणाला, क्या मियाँ, हवा छत को लगरी, गिऱ्हाइक को नक्को क्या? मामानं मला तिथंच हाणलं. तवापासून माझं असंच बघा, सगळं करतो मन लावून, पण कुठंतरी एक तार उलटी जोडली जाते.

माझी बायको जसवंतसुद्धा नांदेडची. लग्न करून हिमायतनगरला दोन खोल्यांत आलो, अजून तिथंच आहे. ती अमृत घेतलेली, म्हणजे दीक्षेची, नेमाची, सकाळचा पाठ कधी चुकला नाही तिचा. मी पण करतो पाठ, पण माझं लक्ष अधूनमधून चहाकडं जातं. तिला ते पाठीमागूनसुद्धा कळायचं. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेला गेलो की ती पोळ्या लाटायला बसायची आणि मला कांद्याकडं पाठवायची, म्हणायची, सरदारजी, तुमच्या पोळ्या बघून संगत उपाशी उठेल.

आता पगडीचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलंय. तुम्हाला वाटत असेल टोपीसारखी असते, उचलली नि घातली. तसं नसतंय. रोज नवी बांधायची, आणि कापड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल एवढं. ते दोघांनी दोन टोकांना धरायचं, ताणायचं, घडीवर घडी घालत अरुंद करत आणायचं, मधे सुरकुती राहू द्यायची नाही. पूणी करणं म्हणतात त्याला. एकट्यानं होतं, नाही असं नाही, एक टोक दाराच्या हँडलला बांधायचं. पण दार काही तुमच्याकडं बघून ओढत नाही.

दुसरं टोक आमच्या गुरप्रीतचं. एकच पोरगा. शाळेत जायच्या आधी धरायचा, कॉलेजात गेला तरी धरायचा, आणि मुद्दाम हिसका द्यायचा, मी मुद्दाम तोल गेल्यासारखं पुढं जायचो. जसवंत म्हणायची, दोघांचं वय एकच आहे. मग तो कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, तिथंच त्याला पुण्याची मुग्धा भेटली, लग्न झालं, विद्यानगरला फ्लॅट घेतला. सून मराठी म्हणून मी खूश, घरात भांडायला आणखी एक माणूस मिळालं. रविवारी दोघं यायचे आणि त्या दिवशी टोक त्याचं.

असाच एक रविवार. दाराची बेल वाजली, मी उघडलं, समोर एक पोरगा बारीक केस कापलेला, आणि मी म्हणालो, कुरिअर आहे का? खोटं नाही सांगत ताई, ते मी चेष्टेनं नव्हतो बोललो. तो म्हणाला, पप्पा, मी आहे.

जेवताना विचारलं, कंपनीनं सांगितलं का? नाही म्हणाला. मुग्धानं? ती म्हणाली, बाबा, मला तर पगडीच आवडायची. मग? तर म्हणाला, पप्पा, बांधताना मला आतून काहीच होत नाही आता, वर्षभर नुसती बांधायची म्हणून बांधली, हे खोटं बोलणं नाही का? आता खोटं बोलू नको हे त्याला शिकवलं कुणी, मीच. आपल्याच शिकवणीत सापडलो की माझा आवाज वाढतो. हातात कढीची वाटी, दाढीला कढी लागलेली, आणि मी गर्जलो, ज्याच्या डोक्यावर केस नाहीत त्याचा हात माझ्या पगडीला लागणार नाही. जसवंत वाढत होती, ती थांबली. एवढंच म्हणाली, दाढी पुसा आधी.

तो यायचा बंद नाही झाला. यायचा, जेवायचा, आईशी बोलायचा, माझ्याशी क्रिकेटचं बोलायचा. फक्त मी कापड काढलं की उठून गॅलरीत जायचा. दुसरं टोक जसवंतनं धरलं. ती छान धरायची, पोरापेक्षा घट्ट, पण बोलायची नाही त्या वेळी, नुसती बघायची माझ्याकडं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. किमो सुरू झाले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, केस जातील. तुम्हाला कसं सांगू, आमच्यात विंचरताना गळालेला केससुद्धा केरात टाकत नाहीत. तिनं जन्मात कात्री लावली नव्हती, मांडीपर्यंत यायचे. ते उशीवर, न्हाणीत, वरणात, सगळीकडं यायला लागले. ती एकेक वेचायची आणि पांढऱ्या कापडाच्या पिशवीत ठेवायची, म्हणाली, माझ्याबरोबर जाऊ द्या हे. मी म्हणालो, कुठं जायलीस, मला सोडून तू भाजीलासुद्धा जात नाहीस. हसली नाही. केसांत खोवायचा लाकडी कंगा, आमच्यात तो अंगावेगळा करत नाहीत, तो खोवायला जागा राहिली नाही, तर तिनं कुडत्याच्या खिशात ठेवला. दिवसातून कितीदा हात लावून बघायची, आहे का.

एक दिवस सकाळी पाठ झाला, मी कापड घेऊन उभा राहिलो, म्हणालो, धर. ती पलंगावर बसलेली, डोक्याला ओढणी. म्हणाली, मला कसं चालेल? मी म्हणालो, का, हात दुखायलाय? म्हणाली, ज्याच्या डोक्यावर केस नाहीत त्याचा हात तुमच्या पगडीला लागणार नाही ना. अगं, म्हणालो, तुझं वेगळं, तुझे औषधानं गेले. ती म्हणाली, बोललात तेव्हा औषधाचं काही नव्हतं त्यात. मी तिथंच होते, कढी वाढत होते. आधी त्याला धरायला लावा, मग मी धरते.

थट्टा नव्हती ती. मी हात जोडले, चिडलो, वाहेगुरूची शपथ घालायला गेलो तर म्हणाली, त्याला मधे आणू नका, ते तुम्ही बोललात.

मग काय, दाराचं हँडल. पहिल्याच दिवशी गाठ मारली, जोर लावून ताणलं, आणि बाहेरून डबा घेऊन आलेल्या मुग्धानं दार ढकललं. मी सरळ मागं, धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्यात, पाय वर, कापड अंगावर. जसवंत हसली, अशी हसली की पाणी द्यावं लागलं. त्या आजारात ती एवढी हसलेली मी तेव्हाच बघितली. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पडलो. तिला कळलं. म्हणाली, आज नीट पडला नाहीत.

एकदा मी ठरवून विद्यानगरला गेलो. पिशवीत पगडीचं कापड, मनात वाक्य तयार. पोरा, चल, टोक धर. एवढंच, यापेक्षा लांब मला जमत नाही. गेलो, बसलो, मुग्धानं पोहे केले, आणि आतून मिक्सरचा आवाज आला, जळका. झालं. मिक्सर खोलून बसलो. गुरप्रीत शेजारी बसून स्क्रू धरत होता, त्याच्या मानेवर वस्तऱ्याची रेघ दिसायली होती, मी त्या रेघेकडं बघत मोटारचे ब्रश बदलले. मुग्धानं विचारलं, बाबा, पिशवीत काय आहे? म्हणालो, इस्त्रीला टाकायचंय.

घरी आलो तर जसवंत जागी, दाराकडं तोंड करून. बोललात? मी म्हणालो, त्यांचा मिक्सर बिघडला होता. म्हणाली, मिक्सर बोलला का तुमच्याशी? मी म्हणालो, रविवारी येतोय ना तो, रविवारी तुझ्यासमोर धरायला लावतो, हे वचन. तिनं माझ्या दाढीवरचा पोह्याचा कण काढला नि म्हणाली, रविवारी.

रविवार नाही आला ताई. म्हणजे आला, ती नव्हती. शुक्रवारी सकाळी गेली.

बायकांनी आतल्या खोलीत तिला आंघोळ घातली. मुग्धा बाहेर आली, हातात कंगा, म्हणाली, बाबा, आईंचा कंगा कुठं खोवू? मी उठलो. कपाटातून माझं पगडीचं कापड काढलं, त्याचा पट्टा फाडून दिला. पुण्याच्या त्या पोरीनं, जिनं जन्मात पगडी बांधली नव्हती, तिनं जसवंतच्या डोक्याला लहानशी पगडी बांधली आणि त्यात कंगा खोवला. केसांची पिशवी उशाशी ठेवली.

आता माझी पगडी राहिली. बाहेर माणसं थांबलेली, अरदास, म्हणजे प्रार्थना, व्हायची होती. मी दुसरं कापड घेतलं आणि सवयीनं हँडलकडं गेलो. गाठ बसेना. गुरप्रीत आला. त्यानं माझ्या बोटांतून ते टोक घेतलं आणि मागं सरत भिंतीपर्यंत गेला. मी धर म्हणालो नाही, सोड म्हणालो नाही. तो ताणत होता, मी घडी घालत होतो, त्याच्या डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं. मधे आतल्या खोलीचं दार होतं, लावलेलं. मला अजून वाटतं, ते उघडं ठेवायला पाहिजे होतं. काय उपयोग होता, ती कुठं बघणार होती. तरी वाटतं.

तो आता रविवारी टोक धरतो. केस वाढवलेले नाहीत, मी विचारत नाही. आम्ही भाणा मानणारी माणसं, वाहेगुरूची मर्जी ती आपली मर्जी म्हणायचं. बाकी सगळं मानलं मी, फक्त तो शुक्रवार मानायला जड जातो, दोन दिवसच तर पाहिजे होते मला. पोरगा ढिलं धरतो, डाव्या बाजूला सुरकुती राहते, गुरुद्वाऱ्यात माणसं बघतात. बघू देत.

इतर दिवशी हँडल होतं. पण ते हँडल मागच्या महिन्यात निघून आलं, तेव्हापासून तो रोज ऑफिसच्या आधी येतो, वाकडी वाट करून. परवा म्हणाला, पप्पा, सुतार बोलावू का? मी म्हणालो, बघू. हे तुम्ही लिहा खुशाल, त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे. हँडल मीच काढलंय. स्क्रू वेलचीच्या डब्यात ठेवलेत.

मुग्धा वाचते मराठी, पण तिचं काय, तिला आधीच माहीत आहे. काल चहाला वेलची घ्यायला तिनं डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावलं आणि म्हणाली, बाबा, आज आल्याचा करू का? आल्याचा चहा मला चालत नाही, जसवंतला आवडायचा. मी म्हणालो, कर. सगळा प्यालो. वाहेगुरू त्या पोरीला सुखात ठेवो.