गाडीचा ढेकर

...नाही, तुम्हीच सांगा, गाडीतला काटा नेहमीपेक्षा नखभर वर गेलेला दिसला, तर माणसाला झोप लागेल का? मला नाही लागली. नवऱ्याला लागली. काटा म्हणजे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. शनिवारी त्याच गाडीतून बहिणीचं तान्हं बाळ बघायला जायचं होतं, चढणीच्या रस्त्याने, आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी चालवणार, मागे चार वर्षांची बबडी, आणि भर चढावर बॉनेटमधून वाफ... नवरा म्हणाला, "अगं, काटा आहे तो, हलणारच. हलला नाही तर काळजी कर." आणि कूस बदलली.

सकाळी दिराला फोन लावला. दीर गाड्यांमधला जाणकार, म्हणजे स्वतःच्या मते. "वहिनी, कूलंट, ते इंजिन गार ठेवणारं पाणी हो, जुनं झालं असणार. काढा, आतून धुवा, नवं भरा. त्यात काय, पाणी तर बदलायचंय." त्यात काय! तुम्हाला सांगते, मी फुलदाणीतलं पाणी बदलतानासुद्धा दोनदा विचार करते. पण गॅरेजवाला सोमवारशिवाय गाडीला हात लावणार नव्हता, मग करते काय?

तर रेडिएटरचं झाकण उघडायचं ते इंजिन गार असतानाच. म्हणून आधी बॉनेटला हात लावून पाहिला, मग रेडिएटरला, मग, खोटं कशाला बोलू, स्वतःच्या कपाळाला. तुलनेला काहीतरी नको? खाली जुना टब सरकवला, रेडिएटरच्या तळाचा नट सैल केला, आणि आतून जे काही गंजकं, तपकिरी, गढूळ बाहेर आलं... आपण चार वर्षं लेकराला यात बसवून फिरवतोय? आणि हे कूलंट विषारी असतं ते असतंच, वर चवीला गोड! ज्याने शोधलं त्याच्या घरी लहान मूल नसणार. बबडीला जिन्याच्या पायरीवर बसवलं. तिथून हलायचं नाही.

"चाटायचं पण नाही?"

"नाही."

"बोट बुडवून?"

आता सांगा, माझं लक्ष नटावर राहील का? ते सगळं आधी कॅनमध्ये भरून, बूच घट्ट लावून उंच ठेवलं, गॅरेजवाल्याला द्यायला, आणि मगच पुढे.

पुढे म्हणजे स्वच्छ पाणी भरायचं, आतला हीटर पूर्ण सोडायचा, इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, पाणी काढायचं. पुन्हा भरायचं. बाहेर ऊन, आत हीटर, इंजिनचं माहीत नाही, मी भाजून निघाले. शेवटी पाणी नितळ आलं. हिरवंगार नवं कूलंट भरलं. त्यात काय, पाणी तर बदलायचंय!

"वहिनी, झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा," स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून दीर. "आत हवा अडकते. ढेकर निघायला हवा."

"अहो भावजी, हे आधी नाही का सांगायचं?"

कारण ढेकर या विषयात माझा हात कोणी धरू शकत नाही. बबडी तान्ही असताना मी दुसरं केलंय काय? रबरी पाइप जरा दाबला, सोडला, दाबला, सोडला... आणि पायरीवरून बबडी धडा म्हणत होती. मावशीच्या बाळाकडे जायचं म्हणून मीच पाठ करून घेतला होता आठवडाभर. दूध, ढेकर, शू, झोप. दूध, ढेकर, शू, झोप.

बुळुक. बुळुक-बुळुक. पातळी खाली गेली, मी वर भर घातली. "शाब्बास गं बाई माझी," म्हटलं.

नवरा दारात. "कुणाशी बोलतेयस?"

"गाडीशी."

"बरं." आणि गेला आत.

झाकण लावलं. इंजिन चालूच होतं. कमरेवर हात ठेवून उभी राहिले. एकटीने केलं होतं हो सगळं, कुणी बघायलाही नव्हतं.

"आई, शू झाली."

"आलेच, थांब, चल आत."

"माझी नाही. हिची."

गाडीखाली हिरवा ओघळ. चाकापर्यंत पोचलेला. आणि फोनमधून दीर, अगदी हळू आवाजात, "वहिनी... खालचा नट आवळला होतात ना?"

हाताने लावला होता. पान्याने आवळायचा राहिला होता. इंजिन बंद केलं, ते गार होईपर्यंत वाट पाहिली, नट आवळला, पुन्हा भरलं, पुन्हा ढेकर काढला. तान्ह्यांचं असंच असतं, सगळं पहिल्यापासून.

शनिवारी अख्ख्या चढावर काटा मध्यावरून हलला नाही. मी रस्ता पाहिला, आरशात बबडीला पाहिलं आणि मग काटा पाहिला. याच क्रमाने, असं नवऱ्याला सांगितलंय.

बहिणीकडे बाळाचं दूध पिऊन झालं होतं. बहिणीने त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, सगळे श्वास रोखून उभे. आला एकदाचा ढेकर. बहिणीने हुश्श करून त्याला नव्या साडीवर मांडीत घेतलं. आमची बबडी पुढे झाली. ती वाकली, बाळाच्या खालून नीट बघून आली, आणि हुबेहूब काकाच्या आवाजात म्हणाली,

"मावशी... खालचा नट आवळलायस ना?"