मोठ्यांना सांगायचं!

माझं लग्न शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या तासामुळे जमलं, असं म्हटलं की लोक हसतात. पण खरंच सांगते. तो तास माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात झाला होता. मंजू तेव्हा आगाशीच्या शाळेत सहावीत होती. बाईंनी मुलांकडून घोटून घेतलं होतं: कोणी तंबाखू-गुटख्याचं नाव काढलं की हात आडवा करायचा, मोठ्याने 'नको' म्हणायचं आणि लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. मंजू आठवडाभर आरशासमोर तेच करत होती.

त्याच रविवारी नायगावचे लोक मला बघायला आले. बाबांनी रीतीप्रमाणे पानाचं तबक पुढे ठेवलं. मुलाच्या वडिलांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि मंजूला म्हणाले, "बाळ, तबकातला चुना दे गं जरा."

मंजूने हात आडवा केला आणि ओरडली, "नको! मी मोठ्यांना सांगेन!"

बाबांचा चेहरा पडला. एवढं चांगलं स्थळ हातचं चाललं!

मुलाचे वडील मात्र हसले. "अगं, इथे सगळ्यांत मोठा मीच. सांग मला."

मंजूने विचारलं, "तुमच्या घरात तुमच्यापेक्षा मोठं कोण?"

त्यांची नजर आपोआप बायकोकडे गेली. माझ्या होणाऱ्या सासूबाई उठल्या, नवऱ्याच्या हातातली पुडी काढून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. तारीख काढा."

बाबा चाचरत म्हणाले, "अहो, पण मुलगी अजून आत पोहे भरतेय!"