सारण मधोमध कोमट आहे

...नाही, टर्की शिजलाय. टर्कीबद्दल माझं काही म्हणणं नाही. मांडीत थर्मामीटर खुपसून बघितला, बरोबर आलाय, कातडी छान तांबूस झालीय, ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवलाय — जरा वेळ तसाच मुरू द्यायचा असतो, तुम्हाला मी काय सांगणार, तुमचं कामच ते. मी विचारतेय ते आतल्या सारणाचं. पोटात भरलेल्या. पावाचंच आहे हो, आपलं नेहमीचं — शिळा पाव, कांदा, सेलरी, सेजची पानं, भरपूर लोणी. तर ते सारण मधोमध जर — समजा हं, नुसतं समजा — मधोमध जर कोमटच राहिलं असेल, तर चालतं का? थोडंफार चालत असेल ना? ... किती म्हणजे? एकशे तीस फॅरनहाइट. हो, दोनदा बघितलं. एकशे पासष्टला जायला हवं, नाहीतर कच्च्या पक्ष्याच्या रसातले जंतू मरत नाहीत, ते मला माहीत आहे, बाई. माहीत नसतं तर बघितलंच नसतं. मला फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं. सणाच्या दिवशी तुम्ही या टर्कीच्या मदत-फोनवर बसता ते लोकांच्या अडचणी ऐकायलाच ना?

नाही, मी नाही भरलं. मी भरलं असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता? माझ्या भावजयीने भरलंय. ट्रूडीने. माझा धाकटा भाऊ क्लेटन, त्याची बायको. घर त्यांचं — म्हणजे आईबाबांचंच घर, पण आई गेली, आणि बाबा त्यांच्याकडे राहतात, म्हणजे खरं तर ते बाबांकडे राहतात, म्हणजे आता कोण कोणाकडे ते तुम्हीच ठरवा. मी पाहुणी. ज्या घरात जन्मले त्याच घरात कोट कुठे टांगायचा ते मला विचारावं लागतं. आई गेल्यापासून थँक्सगिव्हिंगचा टर्की माझ्याकडे असायचा, माझ्या घरी, सगळे माझ्याकडे यायचे. यंदा हिचा फोन आला — मर्ना, या वर्षी आमच्याकडे करू या का, बाबांना थंडीत गाडीने न्यायचं-आणायचं आता झेपत नाही. असं गोड बोलते ना, की नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. मी म्हटलं, बरं, आणि टर्की? म्हणाली, टर्की मी बघते, तू क्रॅनबेरीचा सॉस आण. सॉस, बाई. म्हणजे गवयाला बोलवायचं आणि सांगायचं, तुम्ही फक्त सतरंजी घाला.

हो हो, येते मुद्द्यावर. मुद्दा सारणाचाच आहे. गेल्या वर्षी चर्चमधल्या जेवणाला हिने एक ट्रे भरून सारण करून आणलं होतं. बाबा माझ्या शेजारी बसले होते. आता बाबा म्हणजे ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, बोलतात त्याहून कमी. त्यांनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मला वाटलं, घशात अडकलं. तर म्हणाले, "हे हिल्डाचं आहे." हिल्डा म्हणजे आई. डोळ्यांत पाणी. आणि ट्रूडी मान खाली घालून बसलेली, जशी काही लग्नातली नवरी. मी इतकी वर्षं त्यांना करून घालतेय, त्यावर काय म्हणायचे माहितीये? "पोट छान भरलं." बस. पोट तर उकडलेल्या बटाट्यानेही भरतं.

मी मनाची समजूत घातली — म्हातारा माणूस, जिभेचं काय खरं. पण आज, मघाशी, स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, तेव्हा मी पक्ष्याच्या पोटाच्या तोंडाशी होतं ते, तिथलं शिजलेलं होतं, चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. काय सांगू तुम्हाला. आईचंच आहे. खोटं कशाला बोलू. आणि मग मला वाटलं, बघू तरी आतपर्यंत कसं आहे ते, म्हणून थर्मामीटर आत घातला. कशासाठी घातला ते मला विचारू नका.

कुठून शिकली? आईकडून, आणखी कुठून? आईच्या शेवटच्या हिवाळ्यात. आई अंथरुणाला खिळलेली, खालच्या खोलीत. ट्रूडी तिला उशा लावून बसवायची आणि पावाची परात पलंगावरच आणून ठेवायची. आईचे हात त्या पावात. मी एकदा दुपारी अचानक गेले तेव्हा पाहिलं — दोघी हसत होत्या, चादरीवर सगळा चुरा, आणि आई हिचा हात हातात धरून सांगत होती, एवढं ओलं, याच्यापुढे नाही. मी दारातच उभी. मला बघून आई म्हणाली, "मर्ना, बरी आलीस, बटाटे सोलायचेत." बाई, मी पन्नाशीची बाई आणि मी जाऊन बटाटे सोलले. लहानपणापासून तेच. सारणाला मला कधी हात लावू दिला नाही तिने. विचारलं होतं मी, नाही असं नाही. म्हणायची, त्यात काय सांगायचंय, अंदाजाने घालायचं. मला अंदाज, आणि हिला हात धरून.

हिचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, बाई. न खाताच दुखतं.

काय? ... हो, मध्ये कच्चं का राहिलं ते मी सांगू शकते. घट्ट भरलंय म्हणून. सारण सैल भरायचं असतं, आत फुगायला जागा लागते, हवा खेळती राहावी लागते, तुम्ही हेच म्हणणार होतात ना? मी समोरच बसले होते. सकाळी लवकरच आले, म्हटलं मदत करू. तर टर्कीच्या मानेचा आणि काळजाचा रस्सा उकळत होता, आणि हिला तो वास सहन होईना. पळाली बाहेर. परत आली, कांदा हातात घेतला, पुन्हा पळाली. तिसऱ्यांदा आली तेव्हा चेहरा हिरवा-पांढरा, आणि मग जे घाईघाईने मुठीने कोंबलंय — गोणीत कापूस कोंबतात तसं. माझ्या जिभेवर आलं होतं, अगं, सैल भर. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी त्याच्यावरून कॉफीचा घोट घेतला.

काही विचारायचंय? ... बरं. विचारा. ... घरात म्हातारं माणूस, सांगितलं ना, बाबा आहेत. लहान मूल कोणी नाही. आजारी कोणी नाही. ... गरोदर?

— थांबा हं, कोणीतरी आलं. क्लेटन, हात नको लावूस, मुरतोय तो. ... माझाच फोन आहे. ... मैत्रीण. हो, मलाही मैत्रिणी आहेत. सुरी ठेव तिथेच आणि जा, मॅच बघ. ट्रूडी कुठेय? ... वर पडलीय? पडू दे मग. सांगते मी झाल्यावर. जा.

— आहात का? गेला. काय म्हणत होतात — गरोदर. मला कोणी काही सांगितलेलं नाही. पण मी काय आंधळी आहे? रश्शाच्या वासाने पळते, कॉफीला हात लावत नाही, जिन्यावरून उतरताना कठड्याला धरून उतरते. चाळिशीला टेकलीय ती. सगळ्यांनी आशा सोडली होती. मी तर — मी तर त्या एका बाबतीत आम्ही दोघी सारख्या आहोत असं धरून चालले होते. मला आणि माझ्या नवऱ्याला, लेनर्डला, मूल झालं नाही, आणि मग लेनर्डही राहिला नाही, ते जाऊ दे. पण बघा ना. आईचं घर हिला, बाबा हिला, आईच्या हाताची चव हिला, आणि आता हेही. देव वाढायला निघतो तेव्हा एकाच ताटात किती वेळा पळी रिकामी करतो? बाकीची ताटं त्याला दिसत नाहीत का?

मनात काय आलं ते सांगू? सांगतेच, तुम्ही कुठे मला ओळखता. आधी मला दिसलं ते टेबल. सगळे बसलेत, प्रार्थना झालीय, बाबांनी चमचा उचललाय, आणि मी उभी राहते आणि शांतपणे म्हणते, थांबा, हे कच्चं आहे, कोणी खाऊ नका. शांतपणे. आवाज न चढवता. मग हिचा चेहरा. तुमचा नंबर फिरवताना मी ते वाक्य दोनदा म्हणून पण बघितलं. आणि मग आणखी एक मनात आलं. काहीच न बोलण्याचं. सॉस वाढायचा, टर्की घ्यायचा, सारण नको म्हणायचं, आणि गप्प बसायचं. मग उद्या-परवा फोन येतील, पोटं बिघडली म्हणून, आणि पुढच्या वर्षी आपोआप सगळे माझ्याकडे. सुंठीवाचून खोकला गेला. ... हो. कळतंय मला तुम्हाला काय वाटत असेल. ... बाई, तसं करायचंच असतं तर मी तुम्हाला फोन केला असता का? तुम्ही विचारलंत ना आत्ता, गरोदर कोणी आहे का — तोपर्यंत मी ते तसं जोडलंच नव्हतं. हिला उलट्या होतायत एवढं दिसत होतं. हिच्या पोटात कोणीतरी आहे आणि तेही हेच खाणार, हे — हे नव्हतं आलं डोक्यात. शपथेवर सांगते.

मग आता काय करायचं ते सांगा. फेकून द्यायचं? ... म्हणजे? सगळं बाहेर काढायचं, ट्रेमध्ये पसरायचं, झाकायचं आणि परत ओव्हनमध्ये? आणि एकशे पासष्ट आलं की — खाल्लं तरी चालतं? काही धोका नाही? ... एवढंच? अहो, मग वरून खरपूस होईल, कडा कुरकुरीत होतील, आणखीच छान लागेल. म्हणजे कच्चं राहूनही हिचं काही बिघडत नाही. वा. काय नशीब घेऊन येतात एकेक.

— श्श. जिन्यावर पावलं वाजतायत. तीच आहे. धरा हं जरा, ठेवू नका.

ट्रूडी. दार लाव मागे. ... लाव म्हटलं ना. सुरीला हात नको लावूस, तो नाही कापायचा अजून. सारण मध्ये कोमट आहे. ... मी थर्मामीटर लावून बघितलं. ... नाही, कोणाला नाही. मला आणि या फोनवरच्या बाईंना. बस त्या स्टुलावर. बस. पडशील नाहीतर. ... अगं, रडतेस काय? सारण आहे, घर जळलेलं नाही. ... मला माहीत आहे. सकाळपासून बघतेय. मला काय डोळे नाहीत? क्लेटनला सांगितलंस? ... का नाही? ... गेल्या वेळी म्हणजे? कधी गेल्या वेळी? ... ईस्टरला. म्हणजे तू तेव्हा फ्लूने आजारी आहेस म्हणून सांगितलं होतं, ते — ... आणि त्याच्या आधीही? ... दोन्ही वेळा टिकलं नाही? मला कोणी काही बोललं नाही. ... हो, बरोबर आहे. मला कशाला बोलाल. मी काय तोंड घेऊन येते तुमच्याकडे. ... म्हणजे आता कोणालाच माहीत नाही? बाबांनाही नाही? मलाच आधी?

बरं. बरं, पूस डोळे. त्या फडक्याने नको, त्याला कांदा लागलाय. हे घे.

... क्लेटन, ऐकलं मी. अर्धा तास लागेल अजून. ... ओव्हन माझ्या हातून बंद झाला. हो, माझ्या. दमले असेन, वय झालं. बाबांना तोवर पाव आणि लोणी दे आणि ओरडू नकोस घरात. ... काय हसतेस गं? आत्ता रडत होतीस ना?

— हॅलो? आहात अजून? देवमाणूस आहात. काढतेय, काढतेय, फोन खांद्यात धरलाय आणि चमच्याने खरवडतेय, केवढं कोंबलंय बघा, संपत नाही. ... हो, पसरून. जाड थर नको. समजलं. अर्ध्या तासाने परत बघते, मधोमधच बघते. आणि अर्ध्या तासाने बाबा पहिला घास घेतील आणि चमचा खाली ठेवतील. काय म्हणतील ते मला पाठ आहे. आणि ते गरम केलेलं असेल मी. शेजारी बसून ऐकून घ्यायचं, वर हसायचं पण. ... नाही, काही नाही, तुम्हाला नाही म्हटलं. ट्रूडी, रस्सा कुठे ठेवलास तो, दोन पळ्या घालायला हवा, कोरडं होईल नाहीतर. ... नको, उठू नकोस. उठू नकोस म्हटलं ना, मी घेते. ... एवढंच ओलं? याच्यापुढे नाही? मला दिसू दे. बोल, कुठपर्यंत घालू ते सांग.

ठेवते, बाई. दोन्ही हात लागतायत.