सध्या राहण्यायोग्य नाही

बसा, बसा सगळे. म्हातारी आली म्हणून उठू नका. उठून जायची घाई आमच्या वसंतालाच होती. एवढी माणसं जमलीत आणि मला बोलायला सांगताय. एरवी मला गप्प करावं लागतं. 

वसंता माझा शेजारी. मला मावशी म्हणायचा. मला अक्षर येत नाही. अर्ज तो लिहायचा, अंगठा मी उठवायची.

दिल्लीत आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही इथं यमुनापार घर बांधलं. यांनी वीटन् वीट पारखून घेतली. हे गेले, आणि वर्षाच्या आत शेजारी बिल्डरनं तळघरासाठी खड्डा खणला. माझी भिंत अशी फाटली की घरात बसून त्याचा ट्रक दिसायचा. छताला टेकू दिले. आणि त्याच घराचं हाउस टॅक्सचं बिल आलं!

वसंता म्हणाला, "मावशी, टॅक्समध्ये सूट मागू. लिहितो, घर राहण्यायोग्य नाही."

मी भडकले. "यांनी बांधलेल्या घराला नावं ठेवतोस?"

त्यानं पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं आणि म्हणाला, "बरं. सध्या राहण्यायोग्य नाही. चालेल?"

चाललं. अंगठा दिला. माझं सामान त्याच्या पुढच्या खोलीत गेलं.

पण टॅक्सवाले घर पाहायला येणार त्या दिवशी मी काय करावं? सकाळीच जाऊन दारात रांगोळी काढली, स्टोव्हवर चहा टाकला. आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? इन्स्पेक्टर म्हणाला, "अम्माजी, चाय बन रही है, मतलब घर तो चल रहा है!"

वसंतानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "बिल्कुल, साहब. अंदर बैठकर पीजिए." आणि टेकूखालीच खुर्ची मांडली. वरून चुन्याचा पोपडा थेट कपात. साहेब कपासकट रस्त्यावर! सूट मंजूर झाली.

भिंत उभी राहीपर्यंत मी वसंता-शैलाकडे राहिले. रोज चिडवायचा, "मावशी, तुमचं सध्या कधी संपणार?" मी म्हणायची, "तुझ्या बायकोची आमटी सुधारली की." हसलीस ना, शैला? हस.

पोरी, आता घर तुला खायला उठेल. राहवणार नाही तिथं. माझ्या पुढच्या खोलीत तुझी खाट टाकून आलेय. किती दिवस, ते मी विचारणार नाही. पण त्यानं माझ्या अर्जात घातलेला शब्द लक्षात ठेव. सध्या.

चला, आता डोळे मिटा. थोडा वेळ कुणी बोलू नका. मीसुद्धा नाही.

वसंता, बघ रे. मावशी गप्प बसली.