जाऊबाईंची हिरवी बाटली

"हॅलो? … हां, बोल गं ठके. … नाही, मोकळीच आहे. गिऱ्हाईक नाही आत्ता."

रंगाच्या दुकानात काउंटरमागे ती उभी होती. मान वाकडी करून फोन खांद्याशी धरलेला, हातात पोपटी रंगाचा अर्धा ढवळलेला डबा. धाकट्या बहिणीचा भर कामाच्या वेळी फोन आला म्हणजे काहीतरी शिजतंय, हे ती पुरतं ओळखून होती.

"भेट? माझ्यासाठी? … वाढदिवस नाही, काही नाही, आणि भेट कसली? … ग्रीन टी? मग दे की पाठवून, पिईन. … गोळ्या? चहाच्या गोळ्या? … अगं, चहा गिळायचा कधीपासून?"

"हो, हो… ऐकतेय. … चरबी जळते. … हृदयाला चांगलं. … साखर आटोक्यात. … चेहरा तुकतुकीत. … मग माणसं मरतात तरी कशाला? … हसत नाहीये मी. तू वाचून दाखवतेयस का? … मग 'अँटीऑक्सिडंट' हा शब्द तुझ्या तोंडात आला कुठून? … बाटली दिली कोणी? … कोणी? … मोठ्या जाऊबाईंनी. वाटलंच मला."

तिने डबा खाली ठेवला. ठकीच्या मोठ्या जाऊबाई तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांना दर वर्षी एक नवं वेड लागायचं. आधी चुंबकाची गादी, मग पाणी शुद्ध करणारा खडा. आणि प्रत्येक वेडाचं पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं, ठकी.

"शेजारी बसल्यात का त्या? … हो म्हण नाहीतर नाही म्हण. … नाही? मग कपबशी वाजली ती कोणाची? … टीव्हीत. टीव्हीतली कपबशी. बरं."

"तू घेतेस किती? … दोन महिने झाले, आणि मला आज सांगतेस? … दिवसाला किती म्हणते मी. … सहा! … बाटलीवर काय लिहिलंय? … दोन. मग सहा कशाला? … लवकर फरक पडावा म्हणून. … उपाशीपोटी? … अगं बाई! नाव ठकी, आणि जग तुलाच ठकवतं!"

"अगं ऐक ना… रागावू नकोस, ऐक. माझ्या दुकानातलं सांगते. बादलीभर पांढऱ्यात हिरव्या अर्काचे चार थेंब टाकले की कसा छान फिका पोपटी होतो. अख्खी बाटली ओतली तर? … बादली वाया. तसंच हे. कपातला चहा पी की खुशाल, मीही पिते. पण गोळीत अर्क असतो गं. … झाडाचं आहे म्हणून काय झालं? कण्हेरही झाडच आहे."

"जेवतेस ना नीट? … भूकच लागत नाही? आणि त्याचा तुला आनंद झालाय. … चार किलो कमी. बरं. … मळमळतं? … अंग खाजतं? कुठे? … सगळीकडे. पुरळ आलंय? … नाही. … साबण बदलला म्हणून? साबण आधी बदललास की खाज आधी सुटली? … आठवत नाही म्हणजे काय?"

तिच्या आवाजातली थट्टा आता गेली होती. मागे दुकानाच्या रंगाऱ्याला कावीळ झाली, तेव्हा तोही असाच दिवसभर दंड खाजवत बसायचा. सगळ्यांनी रंगालाच दोष दिला होता. त्याला दवाखान्यात न्यायला पंधरा दिवस उशीर झाला.

"ठके, एक विचारते, लाजू नकोस. लघवीचा रंग कसा आहे? … अगं, बहिणीशी कसली लाज! … गडद. कसा गडद? … कोऱ्या चहासारखा. … नाही, चहाच्या गोळ्यांनी होतो तसा, हे कोणी सांगितलं? … 'शरीरातली घाण बाहेर पडते.' हेही जाऊबाईच म्हणाल्या!"

"ऊठ. खिडकीपाशी जा. … दिव्याखाली नाही, उन्हात. कोरा कागद घे, गालाशी धर, आणि आरशात डोळ्याचं पांढरं बघ. … कागदासारखं आहे? … 'जरासं वेगळं' म्हणजे? … मला फसवू नकोस, दिवसभर रंगच जुळवते मी. सायीसारखं की लिंबासारखं? … ठके? … लिंबासारखं."

समोरची रंगांच्या नमुन्यांची पट्टी तिने उगाचच मिटली.

"रडू नकोस. … अगं, नुसत्या डोळ्यांवरून काही ठरत नाही, रक्त तपासतील, मग कळेल. बाटली पर्समध्ये टाक. आणि जाऊबाईंकडे दे फोन. … दे म्हणते ना! टीव्हीतल्या कपबशीकडे दे!"

"नमस्कार वहिनी. … नाही, आता मी बोलणार. माझी बहीण भोळी, नाही म्हणता येत नाही तिला, म्हणून तुमचं फावतं. किती वर्षं बघतेय मी! लोकांच्या जिवावर उठायचं आणि स्वतः मात्र नामानिराळं… काय? … काय म्हणालात?"

"तुम्हीही? … किती? … आठ. … कधीपासून? … चार महिने."

तिने स्टूल ओढून घेतलं आणि बसली. आपल्या भोळ्या बहिणीला लुबाडते म्हणून जिच्यावर इतकी वर्षं डूख धरला, ती बाई स्वतःच तिच्यापेक्षा भोळी निघाली होती. चांगलं आहे असं मनापासून वाटलं, म्हणूनच जावेला दिलं होतं.

"वहिनी… तुम्हीही या खिडकीपाशी. … भीती वाटते? अहो, वाटणारच. ठकीला बघू द्या. … ठके, काय दिसतंय? … नीट बघ. … तुझ्यापेक्षा जास्त?"

"ठीक आहे. आता दोघींनी रडणं थांबवायचं. खाली उतरा, मिळेल ती गाडी धरा, थेट मोठ्या दवाखान्यात. आजपासून एकही गोळी नाही. आणि डॉक्टरांपाशी आकडा चोरायचा नाही. सहा म्हणजे सहा, आठ म्हणजे आठ. … मी येतेय. दुकान सांभाळेल कोणीही. … काय वहिनी? … अजून कोणाला दिल्यात? … अकरा जणींना?"

त्या दोघी जिना उतरत असतानाच फोन कट झाला.

दवाखान्यात दोघींचं रक्त घेतलं. यकृताला सूज होती, दोघींच्याही. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून वाचली, बाकीच्या तपासण्या केल्या, आणि गोळ्यांचाच संशय दाट असल्याचं सांगितलं. ठकीला गोळ्या बंद करून, दर आठवड्याला तपासायला यायच्या अटीवर घरी सोडलं. जाऊबाईंना ठेवून घेतलं. पण वेळेत आल्यात, असंही डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी उशाखालून एक वही काढली. त्यात अकरा जणींचे नंबर होते. "माझा धीर होत नाही हो," एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

ठकीची थोरली बहीण ती वही घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो? … तुम्ही मला ओळखत नाही. … नाही, काही विकायचं नाही. … बँकेतूनही नाही हो! … त्या ग्रीन टीच्या गोळ्या घेता ना तुम्ही? त्या आजपासून बंद करा. … मला काय मिळणार? काही नाही. … अहो, मी दुसऱ्या कुठल्या कंपनीची नाही. ऐका तरी… जिने दिल्या ती दवाखान्यात आहे. … हो, त्याच. … खोटं कशाला सांगू? … मी? मी त्यांची कोण?"

ती अडखळली. अर्ध्या उघड्या दारातून पलंगावरची पाठमोरी आकृती दिसत होती. खांदे हलत होते.

"बहीण. … हो, सख्खीच समजा. … आता सांगा, अंग खाजतं का तुमचं? … मग आजच जा. बाटली बरोबर न्या. … हो. सांगते त्यांना, तुम्ही विचारलंत म्हणून. … ठेवते हं, अजून दहा जणी आहेत."