नवं वाण

— "फौजेतल्या माणसाला घरची भीती कळवायची नाही, अन् का म्हणून विचारायचंही नाही" — व्हय भाऊकाका, पाठ आहे मला. तुम्ही सुभेदार म्हणून रिटायर होऊन येडशीला आलात तेव्हापासून या घरात हाच कायदा. कैवल्यदादाचा फोन आला की आईनं हसायचं अन् मी म्हणायचं, सगळं ठीक. पण आज फोन माझ्याकडंच राहू द्या. अकराला उड्डाण आहे त्याचं, त्याआधी फोन करणार आहे तो. सकाळी काय म्हणालात तुम्ही? "हेलिकॉप्टरचं नवं वाण आलंय, जुन्यापेक्षा बरंच असणार." सोयाबीनचं बियाणं आहे का ते? — बरं, तसंच धरू. पहिलं वाण जवान अन् सामान वाहायचं. दुसऱ्यात त्याच अंगावर तोफ नि रॉकेटं लावली — जड झालं. तिसऱ्याचं अंगच निमुळतं केलं, दोघं एकामागं एक बसायचे, पायलट मान वळवील तिकडं तोफ वळायची. आता हे चौथं, उंच डोंगरांसाठी, इंजिन वाढवलेलं. छान! पण नवं बियाणं तुम्ही सगळ्या रानात टाकता का? आधी बांधाकडं चार ओळी पेरून बघता. मग इथं त्या चार ओळी कोण? — पहिल्यांदा उडवून बघणारा आपला दादा.

दादाच्या पायाखालचं पेडल थरथरतं — सांगणार नव्हते मी — जमिनीवर चालवून बघताना, थांबून थांबून. त्याचे साहेब म्हणतात, नव्या मशीनची सवय नाही. परवा मला विचारलं त्यानं, "अश्लेषा, मशीनच्या तक्रारवहीत लिहू का? लिहिलं तर उड्डाण थांबतं, अन् लोक भित्रा म्हणतात." मला विचारलं, काका! अन् मी काय म्हणाले? — "घरी सगळं ठीक आहे, दादा." तुमचा कायदा! तो नुसता "बरं" म्हणाला. दोन दिवस झाले, वर पंखा फिरला की उठून बंद करते मी —

वाजला. नाही, देणार नाही. हात मागं घ्या. आई, तूही नको मधी येऊस.

हॅलो, दादा? मी घाबरलेय. लई घाबरलेय. ते पेडलचं वहीत लिही, आत्ता — काय? व्हय, भाऊकाका इथंच आहेत. — काका, तो तुम्हाला विचारतोय, लिहू का म्हणून. बोला की. — एकोणतीस वर्षं नोकरी केलीत, बोला ना! — आई, तू तरी —

दादा, इथं कुणीच काही बोलत नाही. तू लिही.