फ्रेंच खेड्यातलं धुण्याचं कुंड

तुम्ही हसाल, पण जन्मभर इतिहास शिकवूनही भाषण म्हटलं की मी टाळायलाच बघतो. परवा कुवेतमधल्या बनेद अल-गारला, मुलाच्या घरी, मराठी मंडळींपुढे बोलायचं होतं. विषय होता फ्रान्समधल्या एका खेड्यातलं कपडे धुण्याचं जुनं दगडी कुंड. मला ठाऊक ते सगळं पुस्तकातलं. आणि शेजारची क्लेअर नेमकी आपल्या आईला घेऊन आली. आई त्याच खेड्यातली! आता चूक लपणार कुठे?

छपराच्या तुळया, झऱ्याचं पाणी, असं मी चाचरत सांगत होतो. म्हातारीचा चेहरा ढिम्म. तेवढ्यात रत्नागिरीच्या सकीनाभाभींनी विचारलं, "सर, वरच्या अंगाला कोण बसायचं? खालचीला सगळ्यांचा मळ की हो!"

"थोरली सून, दुसरं कोण?" आमची ही म्हणाली.

"वा हो वहिनी! आमच्या वहाळावर जी आधी येईल ती."

"म्हणूनच तुमच्याकडे भांडणं."

"आणि तुमच्या धाकट्या सुना गप्प बसायच्या होय?"

झालं! सगळ्या बायका तुटून पडल्या, माझं भाषण बुडालं. म्हातारी मात्र खुदकन हसली आणि लेकीच्या कानाशी लागली.

मी घाबरून क्लेअरला इंग्रजीत विचारलं, "काय चुकलं माझं?"

क्लेअर म्हणाली, "काही नाही. आई म्हणते, भाषणातला एकही शब्द कळला नाही. पण बायका अशा भांडतायत, म्हणजे तुम्ही आमचं कुंड अगदी बरोबर सांगितलं असणार."